पेंटरचा ड्रोन आणि पेंटरच्याच पाट्या

“येत्या रविवारी बाबांना अख्खं गाव वरून दाखवणार म्हणजे दाखवणारच!” पेंटरने जेवताना घोषणा केली आणि पाटावर अशी मूठ आपटली, की पाण्याचा पेला आडवा झाला. पुढच्या आठवडाभरात जे जे आडवं झालं त्याची ती नुसती सुरुवात होती. पण ते तेव्हा कुणाला कळणार?

समोर त्याचा साडू बसला होता. आता, साडू म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याला आहे त्यालाच ठाऊक. घरच्यांसमोर मारलेली बढाई घरचे विसरतात. मित्रांसमोर मारलेली हसण्यावारी नेता येते. साडूसमोर मारलेली बढाई म्हणजे दगडावरची रेघ!

“दाखवा, दाखवा,” साडू बोटं चाटत म्हणाला. “आम्हीही येतो बघायला. नाहीतरी रविवारी मला करमणूक नसतेच.”

तर त्याचं असं झालं होतं, की पेंटरची लेक दूर नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिने बापाला एक ड्रोन पाठवला. तळहातावर मावेल एवढं यंत्र, चार कोपऱ्यांत चार भिंगऱ्या, पोटाशी कॅमेरा. वर त्याला जे दिसेल ते खाली फोनच्या पडद्यावर दिसायचं. पेंटरने ते बाळ पाजायला घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं आणि बाबांना दाखवलं.

बाबा जन्मभर गवंडी. गावातली निम्मी छपरं त्यांच्या हातची. पण काही वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांनी एकदमच संप पुकारला, आणि तेव्हापासून बाबा, खुर्ची आणि खिडकी एवढंच जग उरलं. जिना उतरणं नाही, रस्ता नाही, माणसं नाहीत.

“मी गाव कायम वरूनच बघितलंय रे,” ड्रोन उलटासुलटा करत ते म्हणाले. “परांचीवर उभं राहून. आता खिडकीतून काय दिसतं? समोरच्यांचे वाळत घातलेले लेंगे! एकदा वरून गाव बघायला मिळालं ना, की मी सुखाने डोळे मिटीन.”

“बाबा, भलतंसलतं बोलू नका!”

“बरं, नाही मिटत. पण दाखव.”

बाबांनी गेल्या कित्येक वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट. त्या भरात पेंटरच्या तोंडून ती घोषणा बाहेर पडली.

“त्यात रविवार कशाला हवा?” साडू म्हणाला. “आत्ता गच्चीवर चला, सोडा वर!”

“गच्चीवरून? अहो साडूभाऊ, पलीकडे दवाखाना आहे! दवाखान्याच्या आसपास ड्रोन उडवायला सक्त मनाई आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगितलं म्हणजे? पाटी आहे तिथे!”

“पाट्या काय हो, कुणीतरी रंगवतं आणि ठोकतं…”

“मी रंगवली आहे ती!” पेंटर गरजला.

इथे जरा थांबून सांगायला हवं. पेंटरला नाव होतं. पण ते आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. सगळं गाव त्याला पेंटरच म्हणायचं, आणि पाठीमागे ‘मनाईवाला’. कारण गावात जिथे जिथे काहीतरी करू नये असं लिहिलेलं होतं, ते त्यानेच लिहिलेलं होतं. थुंकू नये, वाहन लावू नये, फुलं तोडू नयेत, विनाकारण बसू नये. लाल अक्षर, काळी कड, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक सही. त्याच्या हाताला नकाराची इतकी सवय झाली होती, की चुलतभावाच्या नव्या दुकानासाठी ‘सुस्वागतम्’ लिहायला गेला आणि लिहून आला ‘प्रवेश बंद’! ते दुकान काही दिवसांतच खरोखर बंद पडलं, ही गोष्ट वेगळी.

असा हा माणूस स्वतःचीच पाटी मोडणार? छे! “मी मोडली तर उद्या गावात पाट्यांना विचारणार कोण?” तो म्हणाला. “उडवीन तर कायद्याने परवानगी असलेल्या जागेवरच!”

“मग गावाबाहेर पडावं लागेल,” साडू म्हणाला. “आत तुम्ही जागा ठेवलीय कुठे?”

हे साडू सहज बोलून गेला. पण बरोबर तेच निघालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर ड्रोन पिशवीत घालून, मोजायची टेप खिशात टाकून निघाला. टेप कशाला, तर नियम त्याला तोंडपाठ होते. त्यानेच तर पालिकेसाठी ते रंगवले होते! वस्तीपासून लांब हवं, शाळा-दवाखान्यापासून लांब हवं, जागेच्या मालकाची हरकत नको, आणि कुठल्याही परिस्थितीत माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. शेवटच्या ओळीखाली त्याने स्वतःच्या मर्जीने जाड लाल रेघ ओढली होती.

पहिल्यांदा तो शाळेच्या मैदानावर गेला. फाटकावरच पाटी. ती बघून त्याला आधी आनंदच झाला, की इतकी वर्षं ऊन खाऊनही रंग उडालेला नाही. मग त्याने ती वाचली.

“काय हो, वाचता येत नाही का?” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. “ड्रोनला मनाई आहे.”

“अहो, मीच लिहिलंय ते!”

“मग तर यायलाच पाहिजे!”

बागेत पाटी होती. बसस्थानकामागे पाटी होती. स्मशानाच्या भिंतीवर पाटी होती. तिथे तर पेंटरने उत्साहाच्या भरात ‘मोठ्याने बोलू नये’ असंही लिहून ठेवलं होतं. कुणाला उद्देशून, ते त्यालाही आता आठवेना. दुपारपर्यंत तो गावभर हिंडला. जिकडे बघावं तिकडे त्याचीच सही त्याच्याकडे बघत होती. आपण आयुष्यभर किती कष्ट केले याचा त्याला प्रथमच अंदाज आला आणि बिलकूल बरं वाटलं नाही.

शेवटी तळ्याकाठची पायवाट सापडली. पाटी नाही! पेंटरला आनंद झाला. त्याने पिशवी खाली ठेवली, एक डोळा मिटला, अंगठा नाकासमोर धरून अंतराचा अंदाज घेतला आणि टेप ओढत झाडापासून पाण्यापर्यंत मोजायला लागला.

आणि इथेच घोटाळा झाला. कारण एक डोळा मिटून, अंगठा धरून, टेप ओढणारा पेंटर दिसला, की तिथे लवकरच पाटी लागते, हे त्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं.

तळ्याकाठी रोज फिरायला येणारी म्हातारी मंडळी बाकावर बसली होती. त्यांच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर काठी टेकत पुढे आले.

“पेंटर, खरं सांगा. काय बंद होतंय?”

“काही नाही हो काका! नुसतं मोजतोय.”

“ते बाजारातल्या कट्ट्याच्या वेळीही तुम्ही नुसतंच मोजत होता. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसायला मनाई!” पोस्टमास्तर मागे वळले. “अरे, इथलं फिरणं बंद करतायत रे!”

“फिरणं नाही, बसणं असेल,” दुसरे म्हणाले.

“मला वाटतं, मोठ्याने हसणं,” तिसरे म्हणाले. “मी काल जरा जास्तच हसलो.”

“अहो काका, मी जागा शोधतोय! माझ्या स्वतःच्या कामासाठी!”

“म्हणजे आता हे स्वतःच्या मनानेही बंद करायला लागले!”

पेंटरने पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला.

गिरणीमागे एक मोठं ओसाड मैदान होतं. गिरणी कधीच बंद पडली होती आणि मैदान पालिकेच्या मालकीचं होतं. तिथे गाडी शिकवणारी बाई शिकाऊंना घेऊन यायची, धोबी दोऱ्या बांधून कपडे वाळवायचा, आणि बँडवाला तुतारीचा सराव करायचा, कारण घरी त्याची आई करू देत नसे. पेंटर कोपऱ्यात उभा राहिला. एक डोळा मिटला. अंगठा वर केला. तुतारी गपकन थांबली!

“पेंटरदादा, दोनच मिनिटं थांबा!” गाडी शिकवणारी बाई खिडकीतून ओरडली. “यांचं फक्त मागे घेणं राहिलंय! मग लावा काय लावायचं ते!”

ते ऐकून शिकाऊ गृहस्थ घाबरले, मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतली, आणि गाडी थेट धोब्याच्या दोरीत. कुणाच्यातरी चादरी बुरख्यासारख्या गाडीवर पांघरल्या गेल्या. आतून शिकाऊ ओरडत होते, “मला दिसत नाहीये! मला दिसत नाहीये!” धोबी धावला, बँडवाला धावला, पेंटरही धावला. गाडी थांबल्यावर धोबी त्याच्याच अंगावर आला.

“कपडे वाळवायलाही बंदी का आता? मग गावाने काय ओले घालायचे?”

“मी एक यंत्र उडवायला आलो होतो” हे पेंटरने सांगून बघितलं. पण जो माणूस जन्मभर नको-नको करत आला, तो स्वतः काहीतरी करायला आलाय, यावर कुणाचा विश्वासच बसेना!

शुक्रवारी बायको बाजारातून तणतणत आली आणि पिशवी ओट्यावर आदळली.

“अहो, तुम्ही करताय तरी काय? भाजीवाली माझ्याशी बोलत नाही! म्हणते, तुमच्या घरवाल्याला सांगा, आम्हाला ओरडून भाजी विकायला बंदी केली तर आम्ही काय इशारे करायचे? शिंप्याकडे म्हणे शिट्टी वाजवायला बंदी येतेय. आणि न्हाव्याच्या दुकानात तर ठरूनच गेलंय, की रविवारपासून चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र गप्पा मारायच्या नाहीत!”

“अगं, मी नुसता ड्रोनला जागा शोधतोय!”

“मग एका जागी शोधा ना! गावभर कशाला बोंब?”

आतून बाबांचा आवाज आला. “मिळाली का रे जागा?”

“मिळतेय, बाबा. जवळजवळ मिळालीच!”

“रविवार परवा आहे,” बाबा म्हणाले. “मी दाढी करून ठेवू ना?”

बाबांनी कित्येक महिन्यांत स्वतःहून दाढीचं नाव काढलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पालिकेचा शिपाई दारात हजर! “मॅडमनी बोलावलंय. असाल तसे चला.”

पालिकेसमोर ही गर्दी! पोस्टमास्तर काठी उगारून उभे. धोबी चादरी घेऊन. भाजीवाली नेहमीपेक्षा दुप्पट आवाजात ओरडत होती. बँडवाल्याने तुतारी आणली होती आणि प्रत्येक घोषणेनंतर ती फुंकत होता. “मनाईवाल्याला मनाई करा!” असं गर्दी म्हणत होती. पेंटरला दुःखातही वाटलं, की ओळ चांगली आहे, पाटीवर छान बसेल.

मुख्याधिकारी मॅडमनी दार लावून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“पेंटर, मी या आठवड्यात एकही बंदी घातलेली नाही. तुम्ही काय बंद करत हिंडताय?”

पेंटरने पिशवीतून ड्रोन काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. लेक, बाबा, गुडघे, परांची, साडू. साडूच्या उल्लेखावर मॅडमनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांच्या घरी जाऊ असावी.

“एवढंच ना? गिरणीमागचं मैदान आपलंच आहे. जवळ शाळा नाही, दवाखाना नाही. उडवा खुशाल! माझी परवानगी आहे.”

पेंटरने त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

“पण,” मॅडम म्हणाल्या, “आधी या लोकांना गप्प करा. त्या मैदानावर आजच्या आज एक पाटी लावा. तुमच्याच हातची. ‘येथे सर्व गोष्टींना परवानगी आहे.’ तुमचं अक्षर बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही.”

मंडळी, त्या दुपारी पेंटरने घाम गाळला तसा कधीच गाळला नव्हता. ‘येथे सर्व गोष्टींना’ इथपर्यंत हात झरझर चालला. पुढे ब्रश आपोआप ‘सक्त म’ लिहून मोकळा! पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘सक्त म’! शेवटी बायको शेजारी बसली आणि शाळेतल्या बाईंसारखी एकेक अक्षर सांगत गेली. “प… र… वा… अहो, वा! म नाही!” संध्याकाळी पाटी लागली. गर्दीने ती तीन-तीनदा वाचली, कोपऱ्यातली सही तपासली, आणि टाळ्या पिटल्या.

रविवार उजाडला. पेंटरने आणि साडूने बाबांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं. साडू धापा टाकत होता, पण एका शब्दानेही कुरकुरला नाही. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि चाकांच्या खुर्चीत परांचीवर चढल्यासारखे ताठ बसले होते.

गिरणीला वळसा घालून ते मैदानावर आले आणि पेंटर जागच्या जागी थिजला.

सगळं गाव तिथे लोटलं होतं! सर्व गोष्टींना परवानगी म्हटल्यावर दुसरं काय होणार? पोस्टमास्तरांची मंडळी गडगडाटी हसत होती. भाजीवाली कारण नसताना ओरडत होती. शिंपी शिट्टी वाजवत होता, धोब्याने चारी बाजूंना दोऱ्या बांधल्या होत्या, तुतारीवाल्याला त्याची आई स्वतः ऐकायला आली होती. दोघेजण नुसते गवतावर पालथे पडले होते, विचारलं तर म्हणाले, “कुठेच पडू देत नाहीत हो!” तीळ ठेवायला जागा नव्हती.

आणि नियम काय? माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. खाली जाड लाल रेघ!

“जरा बाजूला व्हा हो!” पेंटरने विनवलं. “अर्धं मैदान मोकळं करा! दहाच मिनिटं!”

“पाटी वाचा, पेंटर!” पोस्टमास्तर ओरडले. “सर्व गोष्टींना परवानगी! उभं राहायलासुद्धा!” आणि पुन्हा हशा.

“उडवा हो,” साडू कानाशी लागला. “कोण बघतंय?”

“सगळं गाव बघतंय!”

“तेच म्हणतोय मी, गाव खुशीत आहे. सोडा वर!”

पेंटरने ड्रोन हातात घेतला. बाबांकडे बघितलं. एक बटण दाबायचं, की बाबांची इच्छा पुरी. पण खाली बायकापोरं होती, आणि भिंगरीचं काय, फिरली तर फिरली, पडली तर कुणाच्या टाळक्यात! त्याचा अंगठा बटणावर गेला, मागे आला. पुन्हा गेला. पुन्हा मागे आला. ती रेघ त्याने कुणी सांगितल्यामुळे ओढली नव्हती, त्याला पटली म्हणून ओढली होती. शेवटी त्याने ड्रोन पिशवीत घातला आणि खाली मान घालून खुर्चीपाशी आला.

“बाबा, मला माफ करा. नाही जमत. तुम्हाला गाव…”

पण बाबांचं लक्षच नव्हतं! त्यांच्याभोवती ही गर्दी. “अहो मिस्त्री, तुम्ही! किती वर्षांनी!” “मिस्त्री, आमचं छप्पर अजून एक थेंब गळत नाही बरं का!” “आमचं गळतं!” “तुझं गळणारच, तू सिमेंटमध्ये काटकसर केलीस!” बाबा एकेकाचा हात धरून, डोळे बारीक करून, हा कुणाचा, तो कुणाचा, हे ओळखत होते. धोब्याच्या बापाशी तर ते जुनं भांडण पुन्हा अगदी सुरुवातीपासून भांडले आणि दोघांनाही रडू आलं.

“बाबा,” पेंटर पुन्हा म्हणाला, “वरून नाही दाखवता आलं हो.”

“अरे सोड!” बाबांनी डोळे पुसले. “वरून काय दिसलं असतं? नुसती टकलं! मला ही तोंडं बघायची होती रे. मलाच ते आत्ता कळलं.”

पेंटरला एकदम इतकं बरं वाटलं, की त्याने साडूला मिठी मारली. साडूलाही काय करावं ते कळेना; त्याने परत मारली.

गोष्ट इथेच संपली असती तर सगळ्यांची अब्रू राहिली असती. पण घरी आल्यावर चहा पिताना बाबा म्हणाले, “ते यंत्र उडतं तरी का रे? की नुसतंच आणलंय?”

पेंटरने चारी बाजूंना बघितलं. बैठकीची खोली. मालक स्वतः. शाळा नाही, दवाखाना नाही. सगळी माणसं भिंतीला टेकून बसलेली, खोलीच्या मधोमध कुणी नाही. आणि मुख्य म्हणजे, गावभर हिंडून न सापडलेली गोष्ट इथे होती: एकाही भिंतीवर पाटी नव्हती!

“बघाच आता!” तो म्हणाला आणि बटण दाबलं.

ड्रोन घोंघावत वर गेला. सगळे फोनच्या पडद्यावर वाकले. आधी सगळ्यांची डोकी दिसली. “बघ, टकलं!” बाबा साडूच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले. मग दिसला पंखा, आणि पंख्याच्या पात्यांवरचा काळा गालिचा. बायकोने पेंटरकडे बघितलं. पंखा पुसणं त्याच्याकडे होतं. मग कपाटाचा माथा. तिथे पेंटरचा हरवलेला चष्मा होता, ज्याच्यासाठी त्याने बायकोशी महिनाभर अबोला धरला होता. आणि त्याच्या शेजारी एक चकचकीत कागदात गुंडाळलेलं, धूळ खात पडलेलं खोकं.

“थांबा, थांबा!” साडू म्हणाला. “जरा खाली घ्या. हे मी तुम्हाला वास्तुशांतीच्या वेळी दिलं होतं ना? उघडलंसुद्धा नाही?”

उत्तर द्यायला पेंटरने तोंड उघडलं आणि अंगठा घसरला. ड्रोन थाडकन छतावर आदळला, तिथून कपाटावर, कपाटावरून ते खोकं घेऊन खाली, आणि खाली ठेवलेल्या लाल रंगाच्या डब्यात. भिंत लाल, चादर लाल, साडू लाल!

सगळं शांत झाल्यावर बाबा मान वर करून छताकडे बघत होते. “हा तडा आत्ताचा नाही,” ते म्हणाले. “जुना आहे. छत कुणी घातलंय रे हे? हात कच्चा आहे.”

“तुम्हीच घातलंय, बाबा.”

बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली आणलाच नाही.

बायको उठली. आत गेली, एक कोरी फळी आणली, ब्रश आणला, आणि डब्यात उरलेला लाल रंग पेंटरपुढे सरकवला.

हाताला घाम नाही, अक्षरं सांगायला कुणी लागलं नाही! पंधरा मिनिटांत पाटी तयार. ‘या घरात ड्रोन उडवण्यास सक्त मनाई आहे.’ लाल अक्षर, काळी कड, उजव्या कोपऱ्यात बारीक सही. ती आता बैठकीत, बरोबर बाबांच्या खुर्चीसमोर लावलेली आहे. दर रविवारी बाबांना मैदानावर नेताना साडू ती मोठ्याने वाचतो.

अक्षर मात्र सुरेख आलंय हं. खुद्द पेंटरचं तसं म्हणणं आहे.